आई-बाबा आणि मुलांना घेऊन इंग्लंडच्या पायवाटांवर

मे महिना लागला की इथल्या मराठी घरांत कुणाचे ना कुणाचे आई-बाबा भारतातून आलेले असतात. पहिल्या दोन आठवड्यांत लंडन पाहून होतं, स्टोनहेंज होतं, एखादा राजवाडा होतो. मग बाबा खिडकीशी बसून राहतात, आई फ्रीजर भरेल इतका स्वयंपाक करते, मुलं टॅबलेटमध्ये डोकं घालतात आणि शनिवार उजाडला की ‘आज कुठे जायचं’ हा प्रश्न समोर येतो. त्याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे चालणं. गाडी लावून, गावातल्या पुलावर फोटो काढून परत येणं नव्हे. त्या गावाभोवतीच्या शेतांतून, नदीकाठाने, मेंढरांच्या कुरणांतून दोन-तीन तास चालणं. आम्ही तीन पिढ्या मिळून बरीच वर्षं हे करतो आहोत. त्यातून जे जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी हे पटू द्या की वाट तुमची आहे

पहिल्याच वेळी आई एका शेताच्या फाटकापाशी थांबली ती पुढे येईना. “अरे, ओळख ना पाळख, कुणाच्या रानात असं कसं शिरायचं?” पलीकडे गुडघाभर गहू, त्यातून गेलेली हातभर रुंदीची वाट आणि दूरवर शेतकऱ्याचं घर. तिचा संकोच अगदी आपला होता. मी तिला खांबावरची लाकडी पाटी दाखवली, ‘पब्लिक फुटपाथ’. मग म्हटलं, ही वहिवाट आहे. हा एक शब्द ऐकल्यावर तिला सगळं कळलं.

शेत मालकाचं, पण त्यातून चालत जायचा हक्क सगळ्यांचा. लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं, कुणाची परवानगी न मागता आणि कुणी न अडवता वापरली असेल तर ती कायद्याने सार्वजनिक ठरू शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत. हे सगळं आपोआप झालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे शेकडो तरुण, बरेचसे कामगार, किंडर स्काउट या डोंगरावर बंदी मोडून चढले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि कुठली वाट सार्वजनिक हे अधिकृत नकाशांवर नोंदवणं सुरू झालं. म्हणून शेतातून जाताना चोरट्यासारखं जाऊ नका. समोरून कुणी आलं तर हसून ‘मॉर्निंग’ म्हणा. गावाबाहेरच्या वाटेवर इथे अनोळखी माणसंही एकमेकांना बोलतात, आणि बाबांना हे फार आवडतं.

वाटेवरच्या बाणांचे रंग मुलांना पहिल्याच दिवशी शिकवून टाका. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट. निळा म्हणजे ब्रायडलवे. तिथे घोडेस्वार आणि सायकलवालेही येतात, तेव्हा कान उघडे ठेवायचे. दोन्हीकडे झुडपांचं कुंपण असलेल्या ब्रायडलवेवर पाय ठेवला की मला गावाकडची पाणंद आठवते. बाण शोधायचं काम मुलांकडे दिलं की ती अर्धा तास तरी ‘अजून किती’ विचारत नाहीत.

नकाशा आणि वेळेचा हिशोब

फोनवरचा नेहमीचा नकाशा शेतातल्या वाटांसाठी पुरत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्या किंवा त्यांचं ॲप वापरा. ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर असं त्याचं माप. हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक वाटा: आखूड तुकड्यांची रेघ पायवाट, लांब तुकड्यांची ब्रायडलवे. तपकिरी बारीक रेषा उंचीच्या. त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की चढ आहे असं समजा, आणि गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर तिथला उतारही मोजा. बाबांना चढताना दम लागतो, पण दुखतं ते उतरताना. घडीची काठी त्यासाठीच बरोबर ठेवतो. ॲप वापरणार असाल तर नकाशा घरीच डाउनलोड करा, कारण दरीत रेंज जाते.

आता वेळ. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला ठोकताळा अजून वापरात आहे: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. तो धडधाकट माणसासाठी. पाच वर्षांचं मूल आणि सत्तरीतले आजी-आजोबा बरोबर असतील तर मी ताशी २.५ किलोमीटर धरतो. मूल दगड उचलणार, बदकांपाशी थांबणार, आजी एखाद्या बागेतले गुलाब बघत उभ्या राहणार. त्यासाठीच तर निघालोय. म्हणजे ७.५ किलोमीटरला तीन तास, जेवायला पाऊण तास, अर्धा तास हाताशी. सव्वाचार तास झाले. डिसेंबरच्या अखेरीस लंडन परिसरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून तेव्हा साडेदहाला पाऊल पडलंच पाहिजे. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, तेव्हा ही घाई नाही.

आमच्या घरचा एक नियम आहे आणि तो मी कधी मोडत नाही: सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे. मागे राहिलेल्या माणसाला पुढचे थांबलेले दिसतात, तो धापा टाकत पोचतो आणि पोचताक्षणी बाकीचे निघतात. त्याला विसावा मिळतच नाही. पुढे चालणाऱ्या आजींचा वेग सगळ्यांनी घ्यायचा.

पायात काय, पाठीवर काय

ज्या वाटेला उन्हाळ्यात साधे स्पोर्ट्स शूज चालतात तिथेच नोव्हेंबर ते मार्च घोट्यापर्यंत चिखल असतो. मुलांना वेलिंग्टन, म्हणजे उंच रबरी बूट द्या, पण ५ किलोमीटरच्या पुढे ते पायाला घासतात. तेव्हा जाड मोजे हवेतच. मोठ्यांना घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट. आईने साडी नेसून स्पोर्ट्स शूज घातले होते, सपाट नदीकाठी ते निभावलं. जिथे कुंपण ओलांडायचं आहे तिथे सलवार किंवा पँट बरी. जीन्स मात्र कुणीच नको. भिजली की वाळत नाही आणि वाऱ्यात पाय गारठतात. पावसाची जाकिटं जूनमध्येही पिशवीत असू द्या.

बाबागाडीबद्दल स्पष्ट सांगतो: वाटेवर स्टाइल किंवा किसिंग गेट असेल तर ती विसरा. स्टाइल म्हणजे कुंपणावरून चढून उतरायच्या लाकडी पायऱ्या. किसिंग गेट म्हणजे अर्धगोल आवारात फिरणारं झुलतं फाटक, ज्यातून एका वेळी एकच माणूस जातो आणि गुरं जाऊ शकत नाहीत. बाळ असेल तर पाठीवरची कॅरिअर घ्या, नाहीतर ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ नावाने आखलेल्या वाटा निवडा. लेक डिस्ट्रिक्ट आणि साउथ डाउन्स या राष्ट्रीय उद्यानांनी अशा वाटांच्या याद्या दिलेल्या आहेत.

जेवण आपलं आपण न्या. गावातल्या पबचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळीच उघडतं. आम्ही एकदा पावणेतीनला पोचलो तेव्हा फक्त शेंगदाण्याची पाकिटं मिळाली आणि धाकटा भुकेने रडकुंडीला आला. तेव्हापासून तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी बटाट्याची भाजी, गुळाची पोळी आणि थर्मासभर आल्याचा चहा ठरलेला. दशमी खरी प्रवासाचीच, दुधात भिजवलेल्या पिठाची, दिवसभर मऊ राहणारी. पबच्या बागेत बसून घरचा डबा मात्र उघडायचा नाही. तिथे त्यांचं काहीतरी घ्या, चहा घेतला तरी चालतो, आणि स्वच्छतागृह वापरायचं असेल तर आधी विचारा. शेतवाटेवर स्वच्छतागृह नसतं, म्हणून निघायच्या ठिकाणीच सगळ्यांनी जाऊन यायचं.

रेल्वेने जाणार असाल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. ५ ते १५ वयाचं निदान एक मूल बरोबर हवं. मोठ्यांना तिकिटात एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट मिळते. पाचच्या आतली मुलं फुकट. कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी लंडन भागात ते चालत नाही, शनिवार-रविवारी अडचण नाही.

शेतात शिरल्यावर

फाटक जसं होतं तसं ठेवा. बंद असेल तर बंद, आणि उघडं करून ठेवलेलं असेल तर उघडंच. गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. उभ्या पिकातून वाट जात असेल तर एकामागोमाग एक चाला. पिकाच्या कडेकडेने गेलं म्हणजे सभ्यपणा असं आपल्याला वाटतं, पण हक्काची वाट मधूनच असते आणि ती मोकळी ठेवणं शेतकऱ्याचं काम आहे.

गायींबद्दल जरा थांबून सांगतो. आपल्याला गायीची भीती वाटत नाही, हात लावून नमस्कार करावासा वाटतो, आणि नेमकं तेच इथे धोक्याचं आहे. या गायी दावणीला बांधलेल्या नसतात, माणसाच्या हाताची त्यांना सवय नसते. वासरू बरोबर असेल तर गाय अंगावर येऊ शकते. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, मुलांना हात धरून आतल्या बाजूला ठेवा आणि कळप वाटेवरच बसलेला असेल तर लांबून वळसा घ्या. त्यासाठी वाट सोडली तरी चालतं, फक्त पुढे पुन्हा वाटेला या. तरणे गोऱ्हे कुतूहलाने मागे येतात. पळायचं नाही, शांतपणे चालत राहायचं. कुत्रा बरोबर असेल आणि गाय चालून आली तर त्याला सोडून द्या, तो आपला आपण सुटतो.

बाकी दोन गोष्टी. नेटल नावाची झुडपं वाटेच्या कडेला सगळीकडे असतात, लागली की खाजकुइलीसारखी आग होते. उघड्या पोटऱ्या नकोत. दुसरी गोचीड. उंच गवतातून, नेच्यांतून आल्यावर घरी मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांच्या कडेला बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लालसर चट्टा आला तर लगेच डॉक्टरांकडे, कारण लाइम रोगाची ती खूण असू शकते आणि वेळेवर औषध घेतलं तर तो बरा होतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात. गुडघ्याच्या वरच्याच तोडा, खालच्या कुत्र्यांच्या वाटेवरच्या. दुसरं कुठलंही लाल-काळं फळ मुलांना तोंडात घालू देऊ नका.

कुठून सुरुवात करावी

अगदी पहिल्यांदा केंब्रिज ते ग्रँटचेस्टर. कॅम नदीच्या काठाने एका बाजूने ३ किलोमीटर, सगळं सपाट. पोचल्यावर सफरचंदाच्या झाडांखाली खुर्च्या टाकून चहा आणि स्कोन मिळतात. ती चहाची बाग १८९७ पासून चालू आहे. परत येताना शहरात सेंट जॉन्स कॉलेजवरून जा आणि मुलांना सांगा, १८९९ साली रघुनाथ परांजपे इथूनच सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

दुसरी, हेन्ली ते हॅम्बल्डन लॉक. लॉक म्हणजे नदीची पातळी बदलते तिथे होड्यांना वर-खाली नेणारा, दोन्हीकडे दारं असलेला हौद. पॅडिंग्टनहून ट्वायफर्डला यायचं, तिथून छोटी गाडी हेन्लीला सोडते. १७८६ चा दगडी पूल ओलांडून डावीकडे टेम्सचा काठ धरा आणि प्रवाहाच्या दिशेने चालत राहा. वल्हवणाऱ्या होड्या, टेम्पल आयलंडवरचं १७७१ चं पांढरं टुमदार घर, मग वळण घेऊन लॉक. जाऊन-येऊन साधारण साडेसात किलोमीटर, चढ नाही. होडी लॉकमध्ये शिरते, दारं बंद होतात, पाणी उतरतं आणि होडी डोळ्यांदेखत खाली जाते. बाबा निवृत्त इंजिनिअर, तीन होड्या जाईपर्यंत हलले नाहीत. काठाला कठडा नाही, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नका. जुलैच्या सुरुवातीला शर्यतींची गर्दी असते, ते दिवस टाळा. हिवाळ्यात पूर आला की काठ पाण्याखाली जातो.

तिसरी कॉट्सवोल्ड्सची, बोर्टन-ऑन-द-वॉटर ते दोन्ही स्लॉटर गावं. नकाशा एक्सप्लोरर ओएल ४५. पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला साधारण दीड-पावणेदोन तास, तिथून बस. बोर्टनमध्ये सुटीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, दहाच्या आत पोचा आणि लगेच बाहेर पडा. एकच जागा जपायची: ए४२९ हा रोमन काळापासूनचा सरळ रस्ता ओलांडताना गाड्या वेगाने येतात. पलीकडे गेलं की शेतांतून चांगली बांधलेली वाट लोअर स्लॉटरला नेते, सुमारे २ किलोमीटर. गर्दी मागेच राहते. मधाच्या रंगाची दगडी घरं, त्यांच्या दारातून वाहणारी पोटरीभर पाण्याची आय नदी, तिच्यावर एकेक दगडी फळी टाकून केलेले पूल, आणि टोकाला विटांच्या धुराड्याची जुनी पिठाची गिरणी. स्लॉटर नावाचा कत्तलीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीतल्या दलदलीच्या, चिखलाच्या जागेवरून ते आलं आहे. हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं.

गिरणीच्या मागून वाट मेंढ्यांच्या कुरणात शिरते. इथेच आमच्या आईचा पहिला किसिंग गेट. ती आत शिरली, फाटक अंगाशी ओढून घेतलं, एक पाऊल कोपऱ्यात सरकली, फाटक पुन्हा ढकललं आणि पलीकडे. मग परत आली आणि नातवंडांना एकेक करून स्वतः पार करून दिलं. पुढे दीड किलोमीटरवर अप्पर स्लॉटर. तिथे रस्ताच नदीतून जातो, पाणी उथळ आणि थंडगार. उन्हाळ्यात मुलांचे बूट काढायची हीच जागा. या गावातून दोन्ही महायुद्धांत जे गेले ते सगळे जिवंत परत आले. इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक गावात मेलेल्यांच्या नावांचा दगड असतो, म्हणून हे गाव वेगळं. आल्या वाटेने परत या, एकूण साधारण ७ किलोमीटर.

चौथी वाट पाय सरावल्यावर, पण ती नक्की करा. ब्रायटनच्या वरच्या खडूच्या टेकड्यांवर, साउथ डाउन्समध्ये, एक छत्री आहे. आपल्याकडे समाधीवर असते तशीच, पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांवर घुमट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीय सैनिकांना ब्रायटनला आणलं जायचं, तिथला राजवाडा रॉयल पॅव्हिलियनच रुग्णालय झाला होता. जे वाचले नाहीत त्यांच्यातल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना या टेकडीवर अग्नी दिला गेला. छत्रीचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस यांचा, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं.

तिथपर्यंत गाडी जात नाही, चालतच जावं लागतं. ब्रायटनहून बसने पॅचमला उतरा, ए२७ वरचा पूल ओलांडा आणि निळ्या बाणांचा ब्रायडलवे धरा. एका बाजूने सुमारे ३ किलोमीटर, चढ सलग पण सौम्य. उघडा माळ आहे: सावली नाही, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, वारा मात्र नेहमी. टोप्या, भरपूर पाणी आणि एक जादा स्वेटर घ्या. दीड तास वर जायला, तासभर उतरायला धरा. शेवटचं वळण घेईपर्यंत छत्री दिसत नाही, मग गवतातून घुमट वर येतो.

जवळच भिंतीवर त्या ५३ जणांची नावं कोरलेली आहेत, ती २०१० साली बसवली. आई-बाबा बरोबर असतील तर तिथे अर्धा तास मोकळा ठेवा. आईने चपला, म्हणजे तिचे ते स्पोर्ट्स शूज, काढून ठेवले आणि मोठ्या मुलीला एकेक नाव मोठ्याने वाचायला सांगितलं. दहा-बारा नावं झाल्यावर धाकटाही वाचायला लागला. आम्ही सगळे वाऱ्यात उभे होतो, ५३ पूर्ण होईपर्यंत.